मुंडगोडच्या तिबेटी कॅम्पात छोटी कर्जं चालवायची तर: आठवडी हप्ता, बचत गट, सोसायटी की हंगामी उधारी?

हे लिखाण एका ठरावीक वाचकासाठी आहे. तुम्ही बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडचे आहात. तुमच्या ट्रस्टकडे, मंडळाकडे किंवा मित्रांच्या गटाकडे पाच-दहा लाख रुपये आहेत. ते देणगी म्हणून वाटून टाकायचे नाहीत, तर मुंडगोडच्या तिबेटी कुटुंबांना धंद्यासाठी आणि शेतीसाठी छोट्या कर्जांच्या रूपानं फिरते ठेवायचे आहेत. दरवर्षी थंडीत आपल्याकडे रस्त्याकडेला स्वेटरचे स्टॉल टाकून बसणारी माणसं ती हीच, त्यामुळे ओळख जुनी आहे. अडतं ते एकाच ठिकाणी: कर्ज कोणत्या पद्धतीनं द्यायचं?

मी खानापूरकडच्या एका सोसायटीत कर्जखात्यावर बसून माणसं आणि त्यांचे हप्ते पाहिले. त्यावरून सांगतो, आपल्या गावात चालणारी पद्धत जशीच्या तशी उचलून तिकडे नेऊ नका. निर्वासितांच्या वसाहतीत तीन गोष्टी वेगळ्या असतात, आणि पद्धत निवडायची ती त्या तीन गोष्टींवरून.

पहिली गोष्ट उताऱ्याची. 1959 नंतर तिबेटी लोक भारतात आले, तेव्हा म्हैसूर राज्याचे मुख्यमंत्री एस. निजलिंगप्पा यांनी त्यांना जमीन देऊ केली. आधी म्हैसूर जिल्ह्यातलं बैलकुप्पे वसलं आणि 1966 च्या सुमारास उत्तर कन्नडमधलं मुंडगोड. जमीन कसायला मिळाली, घरं उभी राहिली, द्रेपुंग आणि गांदेन हे मोठे मठही तिथं नव्यानं उभारले गेले. पण ती जमीन कसणाऱ्याच्या मालकीची नाही. केंद्राच्या 2014 च्या तिबेटी पुनर्वसन धोरणानं भाडेपट्ट्याची रीत घालून दिली, व्यापार-परवान्याची वाट मोकळी केली आणि केंद्राच्या अनेक योजना वसाहतींना खुल्या केल्या. तरीही ज्या उताऱ्यावर बोजा चढवून आपला शेतकरी कर्ज उचलतो, तसा स्वतःच्या नावाचा उतारा त्या माणसाच्या हातात नसतो. आपल्याकडे कृषी पत्तीन संघातून, म्हणजे गावच्या शेती सोसायटीतून, 5 लाखांपर्यंत शून्य व्याजाचं पीककर्ज मिळतं ते उताऱ्याच्या जोरावर. तिकडे तारण म्हणून दाखवायला सोनं किंवा माणसं, यापलीकडे फारसं काही नसतं.

दुसरी गोष्ट हंगामाची. तिसरी, माणूस कधी ना कधी निघून जाण्याची. या दोन्ही पुढे सविस्तर येतील, कारण खरा निकाल त्यांच्यावरच लागतो.

आठवडी हप्त्याचं गटकर्ज

ही पद्धत आपल्या गल्लीत सगळ्यांना पाठ आहे. पाच-दहा बायकांचा गट, एकमेकींचा जामीन, ठरलेल्या वारी मीटिंग आणि वसुलीला येणारा पोरगा. रिझर्व्ह बँकेच्या 2022 च्या नियमांप्रमाणे वर्षाला 3 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबाला असं कर्ज विनातारण द्यायचं, सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या उत्पन्नाच्या निम्म्यापेक्षा जास्त होऊ द्यायचे नाहीत, मुदतीआधी फेडलं तर दंड लावायचा नाही, आणि सकाळी 9 च्या आधी किंवा संध्याकाळी 6 नंतर वसुलीला दारात उभं राहायचं नाही. कागदावर सगळं ठीक आहे. प्रत्यक्षात 2025 च्या सुरुवातीला आपल्या बेळगाव जिल्ह्यातूनही वसुलीच्या जाचाच्या तक्रारी आल्या आणि फेब्रुवारीत राज्य सरकारला अध्यादेश काढावा लागला.

जाच बाजूला ठेवला तरी ही पद्धत मुंडगोडला बसत नाही, आणि त्याचं कारण हिशेबात आहे.

समजा एका बाईनं ऑक्टोबरच्या सुरुवातीला स्वेटरच्या मालासाठी 40,000 रुपये घेतले. व्याज वर्षाला 24 टक्के घटत्या शिलकीवर, परतफेड 52 आठवडे. हप्ता साधारण 867 रुपये बसतो. ऑक्टोबरात आपल्याकडे स्वेटर कोण घेतो? ऊन असतं, दसरा-दिवाळीची खरेदी वेगळीच असते. म्हणजे माल गठ्ठ्यात बांधलेला असतानाच पहिल्या महिन्यात साडेतीन हजारांच्या आसपास रक्कम परत जाते. ती जाते कुठून? उचललेल्या कर्जातूनच. जानेवारीच्या उत्तरार्धात हंगाम आवरतो, तोवर 16 हप्त्यांत 13,872 रुपये फिटलेले असतात. उरलेले 36 हप्ते, म्हणजे 31,000 च्या वर रक्कम, अशा महिन्यांत भरायची ज्यांत स्वेटरचा एक पैसा येत नाही. गल्ला भरलेला असतो तेव्हा कंपनी फक्त 867 मागते आणि गल्ला रिकामा झाल्यावरही 867 च मागत राहते. मग ती बाई दुसऱ्या कंपनीचं कर्ज उचलून पहिलीचा हप्ता भरते. ही कथा आपल्याला नवीन नाही.

दुसरी अडचण त्याहून साधी. थंडीत तो गट गावात नसतोच. एक जण बेळगावात, एक कोल्हापुरात, एक आणखी लांब कुठे स्टॉल टाकून बसलेली. मंगळवारची मीटिंग घ्यायची कोणाची?

आणि एकमेकींचा जामीन? त्याची ताकद कधी असते? एकीचा धंदा बुडाला आणि बाकीच्या चौघींचा चालू असला तरच. वसाहतीत पाचही जणी स्वेटर विकतात. थंडीच पडली नाही तर पाचही जणींचा माल पडून राहतो. 8 नोव्हेंबर 2016 ला नोटा बंद झाल्या तेव्हा हंगाम नुकता भरात येत होता, आणि रोखीवर चालणारे सगळे स्टॉल एकाच आठवड्यात गारठले. वसाहतीतल्या शेतात मका होतो, त्याचंही तेच. अमेरिकन लष्करी अळी 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडली ती कर्नाटकातच, शिवमोग्ग्याकडे. अशी अळी पडली की शेजाऱ्याचं शेत वाचत नाही. सगळ्यांवर एकच संकट येतं, तिथं एकमेकांचा जामीन म्हणजे एका बुडणाऱ्यानं दुसऱ्याचा हात धरणं.

या पद्धतीची एक जागा आहे, तेवढी नाकारत नाही. मठाच्या आसपास मोमो-थुक्पाचं हॉटेल, चहाची टपरी, किराणा, फोन रिचार्ज असा रोजच्या गल्ल्याचा धंदा असेल तर आठवड्याचा हप्ता जड जात नाही, उलट सोयीचा पडतो. रोज पैसे येतात, रोज बाजूला पडतात. आपल्याकडे पिग्मीवाला दुकानोदुकानी फिरतो त्यामागे हेच शहाणपण आहे. पण त्यासाठीही कंपनीकडे जायचं की आपसातल्या गटाकडे, हा प्रश्न उरतोच.

जाता जाता व्याजाबद्दल. कोणी “12 टक्के फ्लॅट” म्हणालं तर हुरळून जाऊ नका. 40,000 वर 12 टक्के फ्लॅट म्हणजे 4,800 रुपये व्याज आणि आठवड्याला 862 चा हप्ता. वरच्या 24 टक्के घटत्या शिलकीच्या हप्त्यात आणि यात पाचच रुपयांचा फरक. दोन्हीकडे पाटी वेगळी, दर जवळपास तोच. तुमच्या फंडाचा दर कागदावर लिहाल तेव्हा घटत्या शिलकीवरच लिहा.

लुधियानाची उधारी

आता उलट टोकाची पद्धत. ती कोणत्याही संस्थेनं काढलेली नाही, आणि चारांमध्ये मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते तीच.

तिबेटी स्वेटरवाल्यांचा बराचसा माल पंजाबातल्या लुधियानाहून येतो. तिथले होजिअरीचे घाऊक व्यापारी हंगामाच्या सुरुवातीला माल उधारीवर देतात. तारण नाही, उतारा नाही, गहाणखत नाही. हंगाम संपला की विक्रेता हिशेब पुरा करतो. पिढ्यान् पिढ्या हे चाललं आहे. व्यापाऱ्याचा विश्वास बसतो त्याला कारण आहे. विक्रेते स्वतःच्या व्यापारी संघटनेत बांधलेले असतात, शहरातली स्टॉलची जागा बहुतेक वेळा संघटनेमार्फत मिळते, आणि एकानं उधारी बुडवली तर पुढल्या वर्षी सगळ्यांचीच उधारी अडचणीत येते. म्हणजे जामीन शेजारणीचा नसतो, तो पुढच्या हंगामाचा असतो.

सराफाला, अडत्याला, उसाच्या टोळीच्या मुकादमाला हे समजावून सांगावं लागत नाही. आपल्याकडे निपाणीत तंबाखूचा आणि एपीएमसीत भाजीचा व्यवहार अशाच शब्दावर चालत आला. त्या शब्दाखाली शेतकरी भरडलाही गेला, 1981 चं निपाणीचं तंबाखू आंदोलन काही उगाच झालं नव्हतं. उधारीची खोट इथंच असते: व्याज दिसत नाही, ते मालाच्या भावात मुरलेलं असतं. रोख देणाऱ्याला एक भाव, उधारीवाल्याला दुसरा.

तुमच्या फंडाला इथं नेमकं काम आहे. हंगामाच्या तोंडाला कुटुंबाच्या हातात थोडी रोख असली तर मालाचा काही भाग रोखीनं घेता येतो, भावात सूट मिळते आणि न विकलेला माल परत करण्याच्या अटीवर बोलायला जोर येतो. सप्टेंबरअखेर 40,000 द्यायचे, दर वर्षाला 12 टक्के, परतफेड एकरकमी फेब्रुवारीअखेर. पाच महिन्यांचं व्याज 2,000. मध्ये एकही हप्ता नाही. तारीख लोसरच्या आसपासची धरा. तिबेटी नववर्ष फेब्रुवारी-मार्चमध्ये येतं आणि बाहेर गेलेली माणसं तोवर घरी परतलेली असतात. तेव्हा खिशात पैसे असतात आणि माणूस दारात भेटतो, वसुलीला याहून चांगला मुहूर्त कोणता?

धोका एकच, पण मोठा. हप्ते नसल्यामुळे कर्ज बिघडतंय हे फेब्रुवारीपर्यंत कळतच नाही. आठवडी हप्त्यात तिसऱ्या आठवड्याला कळलं असतं. म्हणून डिसेंबरच्या मध्यावर एकदा स्टॉलवर जाऊन या. बेळगावातल्या स्टॉलवर तर चालत जाता येईल. पैसे मागायला नको, किती गठ्ठे फुटले तेवढं बघायला. थंडीच कमी पडली असेल तर फेब्रुवारीची तारीख मोडण्याआधीच निम्मी रक्कम पुढल्या हंगामावर ढकलण्याची तरतूद करारात लिहून ठेवा. ती माफी समजू नका, हंगामी कर्जात हे गृहीतच असतं. आपल्या पत्तीन संघात दुष्काळात पीककर्जाचं पुनर्गठन होतं ते दुसरं काय?

बचत गट

इथं थोडा इतिहास सांगायलाच हवा, कारण तो आपल्याच राज्यातला आहे आणि आपल्याकडे फारसा कोणी सांगत नाही. “मायराडा” (म्हैसूर रीसेटलमेंट अँड डेव्हलपमेंट एजन्सी) ही संस्था 1968 मध्ये सुरू झाली ती तिबेटी निर्वासितांच्या पुनर्वसनासाठी. नावातला मधला शब्दच पुनर्वसनाचा आहे. ते काम आटोपत आल्यावर संस्था इतर गरीब खेड्यांकडे वळली आणि तिथं तिनं सहकारी सोसायट्या उभ्या केल्या. 1984-85 च्या सुमारास त्यातल्या काही मोडल्या. पुढाऱ्यांच्या हातातल्या मोठ्या सोसायटीवर लोकांचा भरवसा राहिला नव्हता. मग छोट्या छोट्या टोळक्यांनी येऊन सांगितलं, आमचं कर्ज आम्ही सोसायटीला नाही, आमच्या आमच्या गटात फेडतो. त्यातून गट बांधले गेले, नाबार्डनं त्यांना 1987 मध्ये निधी दिला, आणि 1992 मध्ये गट थेट बँकेशी जोडण्याचा प्रयोग देशभर सुरू झाला. आज खानापूर तालुक्याच्या खेड्यातली बाई बचत गटाची वही काखेत मारून बँकेत जाते, त्या वाटेचं एक टोक तिबेटी पुनर्वसनापाशी निघतं.

गटाचं बलस्थान म्हणजे आधी बचत, मग कर्ज. सहा महिने दरमहा दोनशे-पाचशे टाकल्यावर कोण वेळेवर येतं, कोण बहाणे करतं, हे गटाला आपोआप कळतं. आतल्या माणसांना जे माहीत असतं ते बाहेरच्या ट्रस्टला कधीच कळणार नाही. कोणाचा मुलगा परदेशी जायच्या तयारीत आहे, कोणाच्या घरात आजारपण आहे, कोण जमीन स्वतः कसतं आणि कोणी ती शेजारच्या गावातल्या शेतकऱ्याला वाट्यानं दिली आहे. शेवटचा मुद्दा शेतीकर्जासाठी फार महत्त्वाचा. पेरणीचं कर्ज एकानं घेतलं आणि पेरलं दुसऱ्यानंच, तर कणसं निघाल्यावर मका कोणाच्या ट्रॉलीत जाणार?

गट कुठे कमी पडतो? रकमेत. बायकांच्या मासिक बचतीतून पहिल्या वर्षी गटात पन्नास-साठ हजार जमले तरी खूप, आणि स्वेटरच्या मालाला एकेका घराला तेवढे लागतात. शिवाय हंगाम इथंही आडवा येतो. सगळ्यांना पैसे सप्टेंबरमध्येच हवे असतात. गटातला पैसा फिरतो तो एकीची गरज जूनला आणि दुसरीची सप्टेंबरला असली तरच. म्हणून गट बांधणार असाल तर धंदे मिसळून बांधा: दोघी स्वेटरवाल्या, दोघी मका करणाऱ्या, एक हॉटेलवाली, एक दूध घालणारी. वर लष्करी अळीचं जे सांगितलं त्यावरचा उतारही हाच.

सीमाभागातल्या बायका दिवाळीच्या तोंडाला भिशी फोडतात तसं वर्षाअखेर सगळा पैसा वाटून घेण्याचं गणित मात्र तिकडे लोसरला बांधता येतं. बचत व्याजासकट हातात आली की पुढल्या वर्षी परत बसायची इच्छा टिकते.

वसाहतीची सोसायटी

तिबेटी वसाहतींमध्ये सहकारी सोसायट्या पहिल्यापासून आहेत आणि त्यांचा देशपातळीवरचा महासंघही आहे. बी-बियाणं, खत, ट्रॅक्टर, धान्याची विक्री हे सोसायटीचं काम. मक्याच्या कर्जासाठी मला हीच वाट बरी वाटते, कारण मका विकला जातो तिथंच पैसे कापून घेता येतात. आपल्याकडे साखर कारखाना उसाच्या बिलातून सोसायटीचं कर्ज वळतं करतो, तेच. जूनमध्ये बियाणं-खत रोखीऐवजी मालाच्या रूपानं, आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये तोललेल्या मक्यातून परतफेड. यात वसुलीचा माणूसच लागत नाही.

पण मायराडाची गोष्ट विसरू नका. मोठी सोसायटी म्हणजे संचालक, संचालक म्हणजे ओळखी. तुमचे पैसे सोसायटीच्या सर्वसाधारण खात्यात मिसळू देऊ नका. वेगळं खातं, वेगळी वही, आणि कोणाला किती दिलं याची यादी कॅम्पाच्या फलकावर. यादी फलकावर लागली की शिफारशीचे फोन आपोआप कमी होतात, हा आमच्याकडचा अनुभव आहे. कर्ज मंजूर करणाऱ्या समितीत वसाहतीचा कारभार बघणाऱ्या सेटलमेंट ऑफिसचा एक जण, गटांतल्या दोन बायका आणि तुमच्याकडचा एक असू द्या. तुमचे दोन नकोत.

आणि पीक गेलं तर? जंगलाला लागून शेतं आहेत. दांडेली-हल्याळकडून हत्ती उतरतात, रानडुकरं तर बारमाही. हा धोका कर्जदाराचा एकट्याचा धरणार की फंडाचाही, हे जूनमध्ये ठरवा, डिसेंबरमध्ये नव्हे. माझं मत विचाराल तर व्याजाच्या 12 टक्क्यांतले दोन टक्के दरवर्षी बाजूला काढून त्याचा नुकसान-निधी करावा. त्यातून हत्तीनं तुडवलेल्या शेताचं निम्मं मुद्दल फंडानं सोसावं.

फंडाचं स्वतःचं गणित

सगळे अडखळतात ते इथं. समजा फंड 10 लाखांचा आहे. एकेका घराला 40,000 म्हटलं तर 25 घरं झाली. दर 12 टक्के. पण पैसा वर्षभर बाहेर नसतो. मक्याचे पैसे जूनमध्ये जातात आणि डिसेंबरमध्ये येतात, स्वेटरचे सप्टेंबरअखेर जातात आणि फेब्रुवारीत येतात. दोन्ही हंगाम ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये एकमेकांवर चढतात, म्हणजे मक्याचे परत आलेले पैसे स्वेटरला देऊ म्हणाल तर ते जमणार नाही. फंडाचे दोन भाग करावेच लागतात. सरासरी सहा महिने पैसा कामाला लागला असं धरलं तर वर्षाचं व्याज 60,000. महिना 15,000 वर एक माणूस ठेवायचा म्हटला तर त्याचाच खर्च 1,80,000.

म्हणजे 10 लाखांचा फंड स्वतःचा नोकर पोसू शकत नाही. आठवडी वसुलीच्या कंपन्या चोवीस-पंचवीस टक्के का लावतात, याचं निम्मं उत्तर लोभात असेल, उरलेलं निम्मं दारोदार फिरणाऱ्या पोराच्या पगारात आणि पेट्रोलमध्ये आहे. तुम्हाला 12 टक्क्यांवर टिकायचं असेल तर दारोदार फिरण्याचं काम आधीच करणाऱ्या कोणाच्या तरी आधारानं चालायला हवं. ही कामं सोसायटी आणि गट करतात. स्वतः थेट कर्ज वाटण्याचा मोह मला याच आकड्यांमुळे चुकीचा वाटतो, भले त्यात आपलेपणा जास्त वाटत असला तरी.

मार्च ते मे फंडाचे बरेचसे पैसे पडून राहतात. ते टपरीला, शिलाई मशीनला, घराच्या छपराला तीन-तीन महिन्यांसाठी द्यावेत. पावसाळ्याआधी छपराला पैसे लागतातच, आणि इथं मासिक हप्ता चालतो.

कायद्याच्या कडा

कर्नाटकात व्याजानं पैसे द्यायचे तर 1961 च्या सावकारी कायद्याखाली परवाना लागतो, आणि व्याजाला कमाल मर्यादा आहे: तारणावर 14 टक्के, विनातारण 16. 2025 च्या अध्यादेशानं (पुढे त्याचा कायदा झाला) छोट्या कर्जाच्या व्यवहारात नोंदणी सक्तीची केली आणि नियम मोडणाऱ्याला 10 वर्षांपर्यंत तुरुंग आणि 5 लाखांपर्यंत दंड अशी शिक्षा ठेवली. “आम्ही सेवाभावानं देतो” हे उत्तर तिथं पुरत नाही. सौहार्द सोसायटी असाल तर तुमचं कार्यक्षेत्र उपविधीत काय लिहिलंय ते बघा. बेळगाव जिल्ह्यापुरतं असेल तर उत्तर कन्नडमधल्या माणसाला सभासद करून कर्ज देता येत नाही.

परदेशातल्या ओळखीच्यानं पैसे पाठवले तर आणखी एक गाठ पडते. परदेशी देणगीच्या कायद्याखाली नोंदणी हवी, पैसे दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरावीक शाखेतच यायला हवेत, आणि 2020 च्या दुरुस्तीनंतर ते दुसऱ्या संस्थेकडे वर्ग करता येत नाहीत. म्हणजे वर मी जी सोसायटीची वाट सुचवतो ती परदेशी पैशाला बंद आहे. फंड इथल्याच पैशाचा असेल तर बरं.

माणूस निघून गेला तर

शेवटी ती तिसरी गोष्ट. वसाहतीतली तरुण पोरं बेंगळुरूला जातात, पुढे परदेशी जातात. पुष्कळ घरांत म्हातारी माणसं आणि लहान मुलं उरली आहेत. आपल्याकडे कर्जदार पळाला तर शेत पळत नाही, वारस असतात, उतारा असतो. तिकडे आज नोंदणी प्रमाणपत्रावर राहणारा माणूस उद्या व्हिसा मिळाला की जाईल, आणि ते त्याच्या घरासाठी चांगलंच असेल. त्याच्या मार्गात आडवं येणारी वसुली करू नये, आणि फंडही बुडू नये.

चारी पद्धती याच निकषावर शेजारी ठेवून बघा. आठवडी कंपनी उरलेल्या बायकांकडून वसूल करते. हंगामी उधारीत नुकसान व्यापाऱ्याचं होतं आणि मग तो सगळ्या कॅम्पाचा भाव वाढवतो. सोसायटीत ते सगळ्या सभासदांत विरघळतं, कोणाला टोचतही नाही आणि म्हणून कोणी बोलतही नाही. गटात त्या बाईची जमा बचत आधी वळती होते आणि मगच बाकी उरते. म्हणून कर्ज सोसायटीतून दिलं तरी प्रत्येक कर्जदार एखाद्या गटात किमान सहा महिने बचत करणारा असावा, ही एक अट मी सोडणार नाही. रक्कम त्याच्या बचतीच्या चारपटीपर्यंत, पहिल्या हंगामात 20,000 च्या वर नाही. आणि कर्जदाराबरोबर घरातल्या दुसऱ्या एका माणसाची सही घ्या, बाहेर जाण्याची शक्यता कमी असलेल्याची. बहुतेक घरांत ती आई असते.

आपल्या शेजारीच एक उदाहरण आहे. कोल्हापूरजवळच्या वळिवड्याला दुसऱ्या महायुद्धात पोलंडहून आलेले निर्वासित राहत होते, 1943 ते 1948. ते गेल्यावर त्याच बराकीत फाळणीचे सिंधी निर्वासित आले. आज ते गांधीनगर म्हणजे कापडाची घाऊक पेठ, निपाणी-चिकोडीचे दुकानदार लग्नसराईचा माल तिथूनच भरतात. एकाच जागी दोन निर्वासित वस्त्या होत्या: एक निघून गेली, एक रुजली. मुंडगोडला कोणतं कुटुंब कोणत्या वाटेनं जाईल हे सांगता येत नाही, म्हणून फंडाची बांधणी दोन्ही शक्यता धरून हवी.

तुम्हाला माझ्याकडून एकच शिफारस हवी असेल तर ती अशी. पहिले सहा महिने कर्ज देऊच नका. सेटलमेंट ऑफिसशी बोला, गट असतील त्यांच्या वह्या बघा, नसतील तर मिसळ धंद्यांचे तीन-चार गट बांधायला त्यांच्यातल्याच कोणाला मानधन द्या. जूनमध्ये सोसायटीमार्फत मक्याचं बियाणं-खत द्या, फंडाच्या एक तृतीयांशापुरतं. सप्टेंबरअखेर स्वेटरसाठी एकरकमी हंगामी कर्ज, एक तृतीयांश. उरलेला तिसरा भाग बँकेत राहू द्या. पहिल्या वर्षी तो हात न लावता राहिला तरी वाया गेला असं समजू नका, कारण पहिल्याच हंगामात थंडी पडली नाही तर पुढच्या सप्टेंबरला लागणारे पैसे तेच असतील.